मागची सीट

१

टाकीवर पुन्हा बोटाचा ठसा उमटला होता.

रंगवून वाळत ठेवलेल्या वस्तूवरचं झाकण उचलावं आणि खाली ठसा सापडावा, याच्याइतकं डोकं फिरवणारं दुसरं काही नसतं. वस्तू म्हणजे प्लास्टिकच्या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी. ही गाडी खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याची, त्यामुळे टाकी माझ्या अंगठ्याएवढी. आधी प्रायमर दिला, तो बारीक पॉलिश पेपरनं घासला, मग लाल रंगाचे पातळ हात दिले, प्रत्येक हात नीट वाळू दिला, शेवटी वर चकाकीचा थर मारला आणि धूळ बसू नये म्हणून टाकी स्टीलच्या डब्याखाली झाकून ठेवली. एवढं करून हे.

"बोट लावलंस ना?" बाबा खुर्चीतून म्हणाले. त्यांना तिथून टाकी दिसतसुद्धा नव्हती. माझा चेहरा दिसत होता, तेवढं त्यांना पुरलं.

"नाही लावलं."

"मग टाकीनं स्वतःच लावून घेतलं? गाढवा, ओला रंग दिसला की तुझे हात शिवशिवतात. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

मी कवळ्या बनवतो. घराच्या पुढच्या खोलीत माझी लॅब आहे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि मी त्याबरहुकूम दात बसवून देतो. केसभर चूक झाली तर कुणाचं तरी जेवण बंद होतं, म्हणून हात ताब्यात ठेवणं हाच माझा धंदा. पण हे बाबांना कोण सांगणार? त्यांनी जन्मभर गॅरेज चालवलं. माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं आहे आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात: "आमचे चिरंजीव लोकांचे दात लोकांच्या घशात घालतात."

गाडीचा खोका ताईनं पाठवला होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. हातही थरथरायला लागले होते. "त्यांचा जीव रमेल रे," ताई फोनवर म्हणाली. "त्यांच्याच गाडीचं मॉडेल आहे." त्यांचा जीव रमला आणि माझा जीव गेला. हात माझे, तोंड त्यांचं, अशी आमची वाटणी झाली. सकाळभर कवळ्या करायच्या आणि जेवणाआधी व जेवणानंतर बाबांसमोरच्या टेबलावर बसून बोलणी खायची. प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापा, त्याच्यावरची साच्याची शिवण घासा, चिकटवा, आणि प्रत्येक पायरीला ऐका की असं नसतं, तसं असतं.

मी मुकाट्यानं थिनर काढलं आणि टाकीवरचा सगळा रंग पुसून टाकला.

२

या वेळी रबरी हातमोजे घालून रंगवली. लॅबमधलेच, पातळ. झाकायचा डबा आतून पुसून घेतला आणि वर वजन म्हणून इस्त्री ठेवली. बायको ऑफिसातून आली ती टेबलाकडे बघून म्हणाली, "अहो, इस्त्री इथे काय करतेय?"

"राखण."

"कपडे मग मी हातानं चोळून सरळ करू का?"

दुसऱ्या दिवशी इस्त्री जागच्या जागी, डबा जागच्या जागी आणि टाकीवर ठसा. अगदी त्याच जागी, डाव्या बाजूला, जिथे उतरताना माणूस हात टेकवतो. माझं मस्तक फिरलं. टाकी भिंतीवर फेकून मारायची राहिली ती केवळ बाबा बघत होते म्हणून. मी ती घेऊन पुढच्या खोलीत गेलो आणि भिंगाखाली धरली. रंग कुठे बिघडतोय ते तरी कळावं.

तो बोटाचा ठसा नव्हता. आकार माझ्या बोटाच्या टोकाएवढा होता, म्हणून मी आतापर्यंत तो बोटाचा समजत होतो. भिंगाखाली तळवा दिसला. चार बोटं, बाजूला अंगठा, मधे रेषा. एक अख्खा हात, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.

मी भिंग पुसलं, डोळे चोळले, दिवा दुसऱ्या बाजूनं धरला. रंग वाळताना आखडतो हे मला माहीत आहे. आखडला की सुरकुत्या पडतात आणि सुरकुत्यांत माणसाला काय वाटेल ते दिसतं. शिवाय थिनरच्या वाफा डोक्यात जातात. मी खिडक्या उघडल्या, पाणी प्यायलो आणि पुन्हा पाहिलं. हात होता तिथेच होता.

बायकोला दाखवला. तिनं भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मला नुसतं डाग पडल्यासारखं दिसतंय. तुम्ही एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या ना." ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी पुन्हा थिनर काढलं.

३

बाबा दुपारी जेवले की खुर्चीतच डुलकी घेत. त्या वेळी घरात पंख्याची घरघर सोडली तर आवाज नसतो. बायको ऑफिसात असते, समोरच्या रस्त्यावरही कुणी नसतं. एके दिवशी ते जागे झाले ते रागातच.

"मागं बसवलं मला! मला!"

"कुणी?"

"मला काय माहीत कुणी? पाठ दिसते नुसती. आणि चालवतोय कसा! क्लच अर्धा दाबून. प्लेटा जाळणार गाडीच्या. मी ओरडतोय, अरे सोड तो क्लच, तर मान वळवायला तयार नाही."

मला हसू आलं. बाबा कधी कुणाच्या मागे बसले नव्हते. माझ्या लग्नाच्या दिवशी मामांनी त्यांना "या, सोडतो" म्हटलं तर हे पायी निघाले होते. मला गाडी येत नाही. मी शिकावं म्हणून त्यांनी खूप डोकं आपटलं, पण मला भीती वाटते ती वाटतेच. त्यामुळे आमच्या घरात गाडी म्हणजे बाबा, आणि बाबा म्हणजे पुढची सीट.

"कुठवर नेलं मग?" मी विचारलं.

"फाटकापर्यंत. आणि परत. बाकी गाडी आपलीच होती, आवाज ओळखतो मी." मग म्हणाले, "तसा शिकाऊ आहे. हात बसला की पुढं जाईल."

ते बोलत होते आणि माझं लक्ष टेबलावरच्या गाडीकडे गेलं. टाकी अजून बसायची होती, पण बाकीचा सांगाडा उभा होता. इंजिन, चाकं, हँडल, लांब काळी सीट. मागच्या दोन्ही फूटरेस्ट मी बाबांच्याच हुकमावरून मिटलेल्या चिकटवल्या होत्या. "मागं कुणी बसणार नाहीये, कशाला उघड्या ठेवतोस," असं ते म्हणाले होते. आता दोन्ही उघड्या होत्या. मी नखानं हलवून पाहिल्या. पक्क्या होत्या. चिकटवलेलं कुठे निघालं नव्हतं, तुटलं नव्हतं. जणू मी त्या पहिल्यापासून उघड्याच बसवल्या होत्या. मला वाटलं, माझीच चूक झाली असेल, आणि मी त्या तोडून पुन्हा मिटवून बसवल्या. काम वाढलं म्हणून चिडचिड झाली ती वेगळीच.

४

चिडचिडीला मग अंतच राहिला नाही. टाकी मी ठशासकट बसवून टाकली, कारण रंग पुसून पुसून खालचं प्लास्टिक पातळ व्हायला लागलं होतं. फूटरेस्ट मिटवाव्या तर दुसऱ्या दिवशी उघड्या. काळ्या सीटचा मागचा भाग चकचकीत व्हायला लागला. खऱ्या गाडीची सीट माणसं बसून बसून होते तसाच, पण फक्त मागचा. त्यावर मंद काळा रंग दिला की तो एका दुपारपुरता टिकायचा.

बाबांची फेरीही लांबत चालली. एकदा कोपऱ्यापर्यंत, एकदा बाजार ओलांडून, एकदा शाळेच्या मैदानाला वळसा. आधी ते नुसते तक्रार करायचे. ब्रेक असा मारतो, गिअर तसा पाडतो. मग तक्रार कमी झाली. "आता बरा चालवतो," असं एकदा म्हणाले आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा काही मला आवडला नाही.

मी गाडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या दुपारी बाबा जागे झाले आणि म्हणाले, "अंधारातून नेलं आज. दिवा लावला नाही गाढवानं." मी गाडी काढून पुन्हा टेबलावर ठेवली. निदान डोळ्यांसमोर राहील.

मग मी ठरवलं की त्यांना दुपारी झोपूच द्यायचं नाही. रेडिओ लावला, चहा दिला, मुद्दाम कार्बोरेटर कसा साफ करतात ते विचारलं. हा विषय त्यांना तासभर पुरतो. त्यातल्या जेटपर्यंत आले आणि शब्द तोंडात तसाच ठेवून झोपले. हलवलं तरी उठेनात.

उठले तेव्हा अंगाला घाम होता.

"पुलापर्यंत गेलो," ते म्हणाले. "पुलाच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली. चालू ठेवूनच. पलीकडं काही दिसत नाही रे. तो नुसता बसून राहिला, मग परत वळवली. आज मला दाखवायलाच आणलं होतं. उद्या नेणार."

"बाबा, स्वप्न आहे ते."

"असेल. पण मला त्याच्या मागं बसून पुलावर नाही जायचं." त्यांनी माझं मनगट धरलं. हात नेहमीसारखा थरथरत होता, पण पकड घट्ट होती. "तो परत आणणार नाही. एवढी गाडी मला कळते. परत यायचं असलं की माणूस अशी चालवत नाही."

आपल्याला कशाची भीती वाटते असं बाबांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हाच पहिल्यांदा खरी भीती वाटली.

५

दुसऱ्या दिवशी मी लॅब उघडलीच नाही. जेवण झाल्यावर बाबांसमोर स्टूल टाकून बसलो. वीज गेली होती, पंखा बंद होता, खोलीत पान हलत नव्हतं. त्यांचे डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्यांची पावलं जमिनीवरून उचलली गेली. दोन्ही, एकदम, वीतभर. मोडक्या खुब्याचा पाय त्यांना एरवी हातानं उचलावा लागतो. आता तो गुडघ्यात वाकून हवेत थांबला होता, खाली काही आधार असल्यासारखा. मग त्यांचे हात पाठीमागे गेले आणि खुर्चीची मागची पट्टी धरून बसले. आणि त्यांचे पांढरे केस कपाळावरून मागे उडायला लागले. बंद खोलीत, बंद पंख्याखाली.

मी डोकं ताळ्यावर ठेवायचा प्रयत्न केला. झोपेत माणसं पाय उचलतात. वाऱ्याची झुळूक कुठूनही येते. मी वळून गाडीकडे पाहिलं. चाकं हलत नव्हती, गाडी स्टँडवर शांत उभी होती. टाकी मात्र खिडकीच्या उजेडात चमकत होती. चकाकीचा थर खरंच झकास बसला होता, अख्खी खोली त्यात दिसत होती. खिडकी दिसत होती, स्टुलावर मी, खुर्चीत बाबा.

आणि बाबांच्या पुढ्यात, त्यांच्या अगदी छातीला लागून, एक पाठ.

मी झटकन मान वर केली. खुर्ची, बाबा, त्यांचे उडणारे केस. मधे काही नव्हतं. पुन्हा टाकीत पाहिलं. ती पाठ होती, रुंद, किंचित पुढे वाकलेली.

मी गाडी मुठीत पकडून उचलली. विचार करून केलं नाही. बाबा ओरडले आणि कुणी ढकलल्यासारखे खुर्चीतच एका अंगावर कोसळले. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं ते ओळख पटायच्या आधीच्या नजरेनं.

"पाडलं," ते म्हणाले. "चालत्या गाडीवरून पाडलं मला."

त्यांचं कोपर सोललं होतं. संध्याकाळी बायकोनं पाहून सांगितलं की खुर्चीच्या हातावर घासलं असणार. तोवर मी त्या जखमेतून लॅबच्या चिमट्यानं डांबराचे बारीक काळे खडे वेचून काढले होते. ते मी तिला दाखवले नाहीत. ती पुन्हा चष्म्याचा विषय काढेल याची खात्री होती.

६

"मोडून टाकतो," मी सकाळी म्हणालो. "आत्ता तुम्ही जागे आहात, घरात आहात. हातोडी मारतो, विषय संपला."

"गाडी मोडलीस तर तो चालत येईल," बाबा म्हणाले. "हिचा निदान आवाज तरी कळतो."

आम्ही दोघं गाडीकडे बघत बसलो. इतके दिवस तिनं माझा छळ मांडला होता. बाजूला ठेवून चालत नव्हतं, मोडून चालत नव्हतं, रंग टिकत नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि त्या तिडिकीतच सुचलं.

"मागची सीटच काढली तर?"

"म्हणजे?"

"एकट्याची गाडी करायची. मागचा भाग कापून टाकायचा, फूटरेस्टही काढायच्या. जागाच नसेल तर तो तुम्हाला बसवेल कुठे? डोक्यावर?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी चुकीचं बोललो असं मला वाटलं. मग ते हसायला लागले. खुबा मोडल्यापासून ते असे हसले नव्हते. "अरे गाढवा! जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलंस! आण करवत!"

ती सकाळ मी विसरणार नाही. मी बारीक करवतीनं सीट मधोमध कापली, मागचा सांगाडा छाटला, फूटरेस्ट मुळासकट उडवल्या. कवळ्यांच्या हिरड्यांसाठीचं गुलाबी लुकण लावून पुढच्या सीटला मागे छोटा उंचवटा केला, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा. बाबा सांगत होते, अजून घास, इथे गोलाई दे, तिथे नको. एकदा मी नीट घासलं तर म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडी "हं" म्हणजे शाबासकी. मी त्या "हं"साठी शाळेत असल्यापासून वाट बघत होतो, आणि मिळाल्यावर मला लाज वाटेल इतका आनंद झाला. मग काळा रंग दिला. गाडी देखणी दिसायला लागली. बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते. त्यांची नजर पुढच्या सीटवर होती, हँडलवर होती.

ती नजर मला तेव्हाच कळायला हवी होती. पण मी मागची जागा गेली या समाधानात होतो. कुठली जागा उरली, याचा विचार दोघांनीही केला नाही. किंवा मी केला नाही, एवढंच मला सांगता येईल.

७

जेवून ते झोपले. मी स्टुलावर. पावलं जमिनीवरच राहिली. हात मांडीवर. केस हलले नाहीत. बराच वेळ गेला आणि मी पहिल्यांदाच पाठ सैल सोडून बसलो.

मग त्यांचा उजवा हात वर आला. हवेत थांबला, बोटं वळली आणि मनगट हळूच स्वतःकडे पिळलं गेलं.

ते काय आहे हे कळायला मला एक क्षण लागला. गाडी न येणाऱ्या माणसालाही ती हालचाल माहीत असते. ते रेस पिळत होते. डावा हातही पुढे आला, दोन बोटांनी क्लच ओढला, डाव्या पावलानं गिअर पाडला. हात थरथरत नव्हते. दोन्ही हात दगडासारखे स्थिर होते.

"बाबा," मी म्हणालो. "बाबा, पुढं नका बसू."

ते हसले. डोळे मिटलेलेच होते. टेबलावरून एक बारीक आवाज यायला लागला, डासाच्या गुणगुणण्याएवढा. गाडी स्टँडवर उभी होती, चाकं स्थिर होती, आणि आवाज येत होता. गिअर बदलल्याचे टप्पे त्यात स्वच्छ ऐकू येत होते. कुठेही खरखर नाही. क्लच अर्धवट दाबलेला नाही. गाडी कशी चालवावी हे कळणाऱ्या माणसाच्या हाताखालचा तो आवाज होता.

मी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले. ओरडलो. गाडीला हात लावायची हिंमत होत नव्हती, आदल्या दिवशीचं कोपर आठवत होतं. त्यांचं अंग एका बाजूला कललं, वळण घेताना कलतं तसं, आणि सावरलं. चेहऱ्यावर वाऱ्याचा गारवा होता. मी गाल लावून पाहिला, खरंच गार होता. "परत या," मी म्हणालो. "बाबा, पुलाच्या अलीकडूनच वळा. ऐका माझं एकदा तरी." त्यांनी माझं कधी ऐकलंय?

आवाज लांब जायला लागला. गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर होती, तरी तो लांब गेला. पोकळ झाला, पुलावर होतो तसा, आणि मग थांबलाच.

बाबांचे हात मांडीवर पडले. श्वास सुटला तो बराच वेळ परत आला नाही. मी फोन शोधायला दाराकडे वळलो, तेवढ्यात मागून श्वास घेतल्याचा आवाज आला. खोल, सावकाश, शांत.

डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते.

"किती वेळ उभा आहेस?" ते म्हणाले. "दमला असशील. बस ना."

मला बसता आलं नाही. माझी नजर टाकीवर गेली. टाकी गुळगुळीत होती, ठसा नव्हता. तिच्यात खिडकी दिसत होती, दारापाशी मी, आणि खुर्ची. खुर्चीतला माणूस माझ्याकडे तोंड करून बसला होता, त्याचे डोळे, त्याची पांढरी दाढी मला समोर दिसत होती. टाकीतसुद्धा त्याचं तोंडच दिसायला हवं होतं.

टाकीत त्याची पाठ दिसत होती.

८

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, या वयाच्या मानानं तब्येत उत्तम आहे. हातांची थरथर थांबली याचं त्यांना थोडं नवल वाटलं, पण औषध लागू पडलं असेल म्हणाले.

घरात आनंदीआनंद आहे. जेवण पुढ्यात येतं तसं ते जेवतात, कशालाही नावं ठेवत नाहीत. बायकोला "दमून आलीस का" असं विचारतात. ताईनं परवा व्हिडिओ कॉल केला तर तिच्याशी किती गोड बोलले म्हणून ती रडायलाच लागली. "अरे, आजारपणानं माणूस किती मऊ होतो बघ," असं मला नंतर म्हणाली. मी तिला काय सांगणार? की आपले बाबा गोड बोलत नव्हते? की त्यांनी तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि फोन ठेवल्यावर तुझं लहानपणचं काहीतरी सांगत बसले असते?

बोलायला कुणी नाही, हेच सगळ्यात असह्य आहे. रोज दुपारी मी टाकी बघतो. एकही ठसा नाही. इतके दिवस मी याच्यासाठीच डोकं फोडत होतो, आणि आता ती नितळ टाकी बघवत नाही. एकदा मी मागची सीट परत चिकटवायला घेतली. मग कळेना की ती कुणासाठी, आणि चालवणार कोण.

काल रविवार होता, बायको घरी होती. मी चेन बसवायला घेतली. मागच्या चाकाला दात्यांची चकती एका बाजूला असते आणि चेन तिच्यावर चढते. न शिकलेल्या पोरालाही एवढं कळतं. मी चेन मुद्दाम दुसऱ्या बाजूला चिकटवली. कशावरच न चढलेली, अधांतरी, कुणाच्याही डोळ्यांत खुपेल अशी. मग गाडी दोन्ही हातांत धरून खुर्चीपाशी गेलो. एक शिवी, मी मनात म्हणत होतो. एकदा नुसतं गाढवा म्हणा.

"बाबा, झाली गाडी," मी म्हणालो. "बघा बरं, चेन बरोबर बसलीय का?"

त्यांनी गाडी हातात घेतली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. बोट चेनवरून फिरवलं.

"छान झालीय," ते म्हणाले.

"चेन बघा ना, बाबा. नीट बघा."

"बघितली. खूप छान झालीय. किती कष्ट घेतोस रे माझ्यासाठी." आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दारात बायको उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बघितलंत? शेवटी केलं ना त्यांनी तुमचं कौतुक?"